फ्लूची मोठी साथ आली तर छोट्या ओपीडीत काय करायचं: रिपोर्टची वाट बघू नका, पेशंट परत बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडकोत नवीन क्लिनिक टाकलेल्या एका डॉक्टरांनी विचारलंय की कोविडच्या वेळी मी इंटर्न होतो, सिनियर सांगतील ते केलं, आता स्वतःचं बसतोय, त्यात २०२७ ला सिंहस्थ. उद्या इन्फ्लुएन्झाचा नवीन स्ट्रेन आला आणि दाराबाहेर रांग लागली तर सगळ्यांचा स्वॅब घ्यायचा का, सगळ्यांना टॅमीफ्लू ही फ्लूवरची गोळी द्यायची का, आणि अॅडमिट कुणाला करायचं?

डॉक्टर, मी फिजिशियन आहे, नाशकातच प्रॅक्टिस, २००९ चा स्वाइन फ्लू बघितला, २०१५ चा बघितला आणि कोविड तर काय सगळ्यांनीच बघितला. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझीच चूक सांगतो म्हणजे बाकीचं का सांगतोय ते कळेल. २००९ चा पावसाळा. ३ ऑगस्टला पुण्यात शाळकरी मुलगी गेली, देशातला पहिला मृत्यू, आणि आठवड्याभरात आपल्याकडे मेनरोडवर निम्मी पब्लिक तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागली. तेव्हा गोळी सरकारी दवाखान्यातच मिळायची आणि आपल्याकडचे स्वॅब पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे विषाणूंच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, जायचे. माझ्याकडे एक सात महिन्यांची गरोदर बाई आली, दोन दिवसांचा ताप, कोरडा खोकला, अंग ठणकतंय, बाकी चालत-बोलत व्यवस्थित. मी स्वॅबला पाठवलं आणि म्हटलं रिपोर्ट येऊ द्या मग गोळी बघू. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, पॉझिटिव्ह, पण तोपर्यंत ती मिनिटाला छत्तीस श्वास घेत होती आणि वाक्य पूर्ण करू शकत नव्हती. बारा दिवस व्हेंटिलेटरवर राहिली. ती वाचली, बाळ नाही वाचलं. गोळी पहिल्याच दिवशी मिळाली असती तर नक्की वाचलं असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण तीन दिवस मी कागदाची वाट बघत बसलो होतो हे खरंय.

तर पहिला मुद्दा हाच. साथ जोरात असताना ताप आणि खोकला किंवा घसा असेल तर तो फ्लू धरूनच चालायचं, रिपोर्ट हा सरकारच्या आकडेवारीसाठी आणि आयसीयूतल्या पेशंटसाठी, तुमच्या ओपीडीतला निर्णय त्याच्यावर अडकवू नका. रॅपिड किट निगेटिव्ह आलं म्हणून तर अजिबातच सोडू नका, ती किट बऱ्याच खऱ्या केसेस चुकवतात, पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आली तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

आरोग्य खात्याची ए-बी-सी वर्गवारी स्वाइन फ्लूपासून चालत आलीय आणि मला ती अजूनही ओपीडीसाठी सगळ्यात कामाची वाटते. ए म्हणजे साधा ताप, खोकला, घसा, अंगदुखी. याला टेस्ट नाही, टॅमीफ्लू नाही, पॅरासिटामॉल, पाणी, घरी वेगळं झोपायचं, आणि २४ ते ४८ तासांनी परत बघायचं. बी चे दोन भाग, एक म्हणजे ताप जास्त आणि घसा जबरदस्त धरलेला, इथे गोळी द्यायची की नाही ते तुमच्या अंदाजावर. दुसरा भाग महत्त्वाचा: गरोदर, ६५ च्या वरचे, शुगर, दमा, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट धापेचा आजार), हार्ट, किडनी, लिव्हर, कॅन्सर, एचआयव्ही, बरेच दिवस स्टेरॉइडवर असलेले, आणि ज्यांना आधीच काही आजार आहे अशी लहान मुलं. यांना लक्षणं कितीही किरकोळ असू देत, गोळी आजच, टेस्टची गरज नाही. सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, बीपी पडणं, थुंकीत रक्त, नखं निळी. याला टेस्टही, अॅडमिशनही आणि गोळी लगेच, रेफर चिठ्ठी लिहिता लिहिता पहिला डोस पोटात गेला पाहिजे. बी च्या दुसऱ्या भागाच्या यादीत मी माझ्याकडून एक घालतो, चांगले जाडजूड लोक. २००९ मध्ये चाळिशीतले, बाकी काही आजार नाही, पण शंभर किलोच्या वरचे असे पेशंट आयसीयूत बघून आम्ही चक्रावलो होतो, नंतर जगभरातून तेच आलं.

आता अॅडमिट कुणाला. सगळे सॅच्युरेशनचं मशीन लावतात, आकडा बघतात आणि सोडतात, आणि इथेच फसायला होतं. अंबड एमआयडीसीतला एक टेम्पोवाला आठवतो, ३८ वर्षांचा, चौथा दिवस, बोटाला मशीन लावलं तर ९५. माझा ज्युनियर म्हणाला सर नॉर्मल आहे, सोडतो. मी म्हटलं थांब, त्याला कॉरिडॉरच्या टोकापर्यंत दोन चकरा मारायला लाव. गडी गेला, परत आला, खुर्ची धरून उभा राहिला, आकडा ८८. विचारलं धाप लागते का, तर म्हणे "नाही साहेब, जरा दमल्यासारखं होतं, रात्री झोप नाही ना झाली." दुपारी एक्स-रे काढला तर दोन्ही बाजूंना खालचे भाग पांढरे. म्हणून बसल्या जागी ९४ च्या खाली असेल तो तर जाईलच, पण ९५-९६ वाल्याला चालवून बघा, तीन-चार पॉइंटनी पडला तर तो घरी जाणार नाही. गरोदर बाईचं ९५ च्या खाली आलं की मी वाट बघतच नाही. आणि मशीन लावायच्या आधी नेलपॉलिश पुसा, हात गार असेल तर चोळून गरम करा, निफाडच्या थंडीत सकाळी आलेल्या म्हाताऱ्याच्या बोटावर मशीन काहीही दाखवतं.

पण मशीनच्या आधी श्वास मोजा. हे मी प्रत्येक बॅचला सांगून थकलो, कोणी मोजत नाही, केसपेपरवर सगळ्यांचा रेस्पिरेटरी रेट १८ लिहिलेला असतो, जणू काय सगळं नाशिक ठरवून १८ नेच श्वास घेतं. शर्ट किंवा पदर थोडा बाजूला करून पूर्ण साठ सेकंद मोजायचं, पेशंटशी न बोलता, नाडी बघतोय असं दाखवत. मोठ्या माणसाचा २४ च्या वर गेला की काळजी, ३० ला पोचला की चर्चा बंद, रेफर. लहानांमध्ये दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५०, आणि एक ते पाच वर्षं ४०, हे आकडे टेबलाच्या काचेखाली ठेवा. शिवाय मूल दूध ओढत नाही, झोपेतून नीट उठत नाही, झटका आला, बरगड्या आत ओढल्या जातायत, यातलं एकही असेल तर आकड्याची वाट बघायची गरज नाही. आईला "नेहमीसारखं खेळतंय का" एवढं विचारा, ती बरोबर सांगते.

मग बाकीचे शंभरातले नव्वद घरी जातात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. फ्लूचा पेशंट पहिल्या दिवशी बिघडत नाही, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बिघडतो. तुम्ही त्याला पहिल्या दिवशी बघून ए लिहिलंत तर तो त्या दिवशीचा ए आहे, आयुष्यभराचा नाही. आमच्याकडे २०१५ ला एक २०० पानी वही केली होती, नाव, वय, मोबाईल, तापाचा पहिला दिवस, आणि बी मधला असेल तर लाल पेनाने गोल. कंपाउंडर दुपारी ओपीडी संपली की तिसऱ्या आणि पाचव्या दिवसावर आलेल्यांना फोन लावायचा आणि तीनच प्रश्न विचारायचा: ताप परत चढला का, जिना चढून धाप लागते का, जेवण जातंय का. गोड बोलायला सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात त्याच्या आवाजाने लोक बँकेचा वसुलीवाला समजून फोन कट करायचे. पण या वहीने त्या सिझनला किती लोक वेळेवर परत आणले ते मी स्वतः बघितलंय. आता व्हॉट्सअॅप आहे, पण माझा अनुभव असा की मेसेजला सगळे "ओके सर 🙏" टाकतात, फोनवर धाप ऐकू येते.

यातलाच एक प्रकार वेगळा लक्षात ठेवा, ताप उतरला, पेशंट दोन दिवस बरा, कामावर पण गेला, आणि मग एकदम थंडी वाजून ताप, पिवळा-गंजक्या रंगाचा कफ, एका बाजूला टोचतंय. हा व्हायरस नाही, वरून बसलेला बॅक्टेरिया आहे, न्युमोकोकस नाहीतर स्टॅफ. १९१८ च्या साथीत आपल्या देशात कोटीच्या वर माणसं गेली, आणि नंतर जुने पोस्टमॉर्टेमचे नमुने परत तपासले तर बहुतेकांच्या फुप्फुसात असाच बॅक्टेरियाचा न्युमोनिया सापडला. म्हणजे अँटिबायोटिक इथे हवं, आणि लगेच हवं. पहिल्या दिवशीच्या साध्या तापाला अझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी देण्यात काही अर्थ नाही, ती नाक्यावरच्या मेडिकलमधून त्याने आधीच खाल्लेली असते तो भाग वेगळा.

गोळीबद्दल. ऑसेल्टामिविर, म्हणजेच टॅमीफ्लू, मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ पाच दिवस. मुलांना वजनावर, १५ किलोपर्यंत ३०, १५ ते २३ ला ४५, २३ ते ४० ला ६०, त्यावर मोठ्यांचा डोस, सगळे दिवसातून दोनदा. वर्षाच्या आतल्या बाळाला दर डोसला किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या हिशोबाने, आणि तिथे बालरोगतज्ज्ञांना एक फोन लावाच. किडनीवाल्याला क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते तो आकडा) ३० ते ६० असेल तर ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० ते ३० असेल तर ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदाच. गरोदर बाईला पूर्ण डोस, घाबरायचं काही नाही, घाबरायचं असेल तर फ्लूला घाबरा. उलटी-मळमळ होते, जेवणानंतर घ्यायला सांगा नाहीतर दोन डोसनंतर पट्टी कपाटात जाते. ४८ तासांच्या आत दिली तर सगळ्यात उत्तम, पण सी मधला पेशंट पाचव्या दिवशी आला तरी द्या, "उशीर झाला आता काय उपयोग" हे वाक्य मी मोठमोठ्या ठिकाणी ऐकलंय आणि ते चूक आहे. २०१७ पासून ही शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे साध्या मेडिकलमध्येही तुमच्या चिठ्ठीवर मिळते, फक्त साथ आली की पहिल्या आठवड्यातच संपते कारण निम्मं शहर "घरात असू दे" म्हणून घेऊन ठेवतं. त्यामुळे तुम्हीही ए वाल्याला लिहून देऊ नका, नगरसेवकाचा फोन आला तरी नको, तीच पट्टी उद्या एखाद्या सात महिन्यांच्या गरोदर बाईला मिळणार नाही.

आता काय करायचं नाही ते, कारण माझ्या मते पुढच्या साथीत माणसं यानेच जास्त मरतील. कोविडने आपल्या सगळ्यांच्या हाताला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची सवय लावलीय, सॅच्युरेशन पडलं की डेक्सा. फ्लूमध्ये तसं नाही. फ्लूच्या न्युमोनियात स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू आणि वरून बसणारी इन्फेक्शन्स जास्त दिसलीत, त्यामुळे दम्याचा अटॅक किंवा सीओपीडी उसळलाय अशा कारणाशिवाय हात लावू नका. तोंडाने ऑक्सिजन-ऑक्सिजन म्हणायचं आणि सिरिंजमध्ये डेक्सा भरायचं हे आपल्याकडे होणार आहे, मला दिसतंय. मुलांना अॅस्पिरिन नाही, राय सिंड्रोम (मेंदू सुजून लिव्हर बिघडतं तो आजार) पुस्तकात वाचलाय तेवढाच पुरे.

दुसरं म्हणजे सलाईन. "डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" हे तुम्हाला दिवसातून वीस वेळा ऐकायला मिळेल. आणि आपला घोळ असा की पावसाळ्यात फ्लू आणि डेंगी हातात हात घालून येतात, दोन्हीत ताप, दोन्हीत अंग मोडून येतं, फ्लूमध्ये सुद्धा प्लेटलेट थोड्या उतरतात, आणि डेंगीत पाणी हेच औषध. फ्लूच्या न्युमोनियात मात्र फुप्फुस आधीच ओलं झालेलं असतं, तिथे तीन बाटल्या चढवल्या की रात्री ते पेशंट आमच्याकडे फेस घेऊन येतं. म्हणून पावसाळ्यात एनएस-१ ही डेंगीची टेस्ट करून घ्या, खोकला-घसा आहे की नाही नीट विचारा, नुसत्या डेंगीत खोकला फारसा नसतो. आणि जोपर्यंत डेंगी बाद होत नाही तोपर्यंत ब्रुफेन-डायक्लो या वेदनाशामक गोळ्या पण नको, पॅरासिटामॉलवर भागवा. बीपी पडलेला असेल तर द्रव द्यावाच लागतो, पण मोजून, बीपी आणि छाती परत परत बघत.

ऑक्सिजनचं गणित प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे, विशेषतः तालुक्याला प्रॅक्टिस करणाऱ्यांना. छोटा बी टाइप सिलेंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर, दहा लिटरने लावला तर अडीच तास. सुरगाण्याहून घाट उतरून नाशिक दोन-अडीच तास, म्हणजे गाडी म्हसरूळला सिग्नलला असेल आणि काटा शून्यावर. त्यामुळे १०८ आली की आधी मीटर बघा, मगच पेशंट आत. मोठा डी टाइप म्हणजे ७००० लिटर, तो दहाने साडेअकरा तास जातो, पण त्याच्यावर हाय-फ्लो मशीन (नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणारं) पूर्ण ताकदीने, ६० लिटरने चालवलं तर दोन तास सुद्धा पुरत नाही. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि अर्ध्या-पाऊण तासात वीसच्या वर पेशंट गेले, ते कोणीही विसरलेलं नाही. दहा बेडचं जरी हॉस्पिटल असेल तरी बॅकअपचे सिलेंडर कुठे आहेत, पाना कुणाकडे आहे आणि रात्री तीनला बदलणार कोण, हे साथ यायच्या आधी ठरवा. सॅच्युरेशनचं टार्गेट ९२ ते ९६, सीओपीडीवाल्याला ८८ ते ९२, शंभर दाखवायला ऑक्सिजन उधळायचा नाही.

व्हेंटिलेटरवर जास्त बोलत नाही, तो तुमच्या ओपीडीचा विषय नाही. एवढंच की लहान टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिली जाणारी हवा), ६ मिली दर किलोला, आणि किलो म्हणजे उंचीवरून काढलेलं वजन, काट्यावरचं नाही. पालथं झोपवणं कोविडमुळे आता सगळ्यांना येतं, तेवढा एक फायदा झाला.

क्लिनिकची मांडणी. तुमच्याकडे दहा बाय बाराची एक खोली आणि बाहेर बाकडं असेल असं धरतो. खोकणाऱ्यांना बाहेरच, उघड्यावर बसवा, येताच सर्जिकल मास्क, तुम्हालाही सर्जिकल चालतो, एन-९५ स्वॅब घेताना, सक्शनला, ट्यूब टाकताना. एसी बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्ट लावून घ्या, हजार-पंधराशेचं काम. आणि नेब्युलायझर क्लिनिकमध्ये अजिबात नको, दम्याचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा, बंद खोलीत नेब्युलायझर लावणं म्हणजे व्हायरसची फवारणी. पेशंटला घरी सात दिवस तरी, आणि ताप गेल्यावर पूर्ण २४ तास होईपर्यंत, दोन्हींत जे लांब असेल ते. बाळंतीण असेल तर बाळाला दूध पाजायचंच, मास्क लावून, हात धुऊन. तुम्हाला स्वतःला ताप आला तर शटर खाली. मी २०१५ ला क्रोसिन खाऊन ओपीडी केली होती आणि माझ्या दोन्ही सिस्टर आडव्या झाल्या, तेव्हा मी काही फार शहाणा होतो असं नाही.

लस दरवर्षी घ्या, स्टाफलाही द्या, झाडणाऱ्या मावशींना पण, खर्च तुमचा. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा वर येतो, पावसाळ्यात आणि मग थंडीच्या शेवटी, त्यामुळे पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी, अंगी लागायला दोन आठवडे जातात. स्ट्रेन एकदम नवीन असेल तर ही लस त्याच्यावर चालेलच असं नाही आणि नवी यायला चार-सहा महिने लागतात, पण नेहमीच्या फ्लूने आडवे पडायचं तरी वाचेल. सिंहस्थाची मोठी स्नानं २०१५ ला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होती आणि यावेळीही पावसाळाच, म्हणजे रामकुंडावर लाखो माणसं आणि फ्लूचा सिझन एकाच वेळी. तेव्हा एकाच आश्रमातले, एकाच बसमधले पाच-सहा तापाचे पेशंट एका दिवशी आले तर मनपाच्या आरोग्य विभागाला त्याच संध्याकाळी कळवा, कन्फर्म रिपोर्टची वाट न बघता.

थंडीच्या शेवटची लाट म्हणजे आपल्याकडे द्राक्षाचा सिझन, जानेवारी ते मार्च. दिंडोरी, निफाड, पिंपळगावला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, एका शेडमध्ये पंधरा-वीस जण, त्यांना "घरी वेगळ्या खोलीत राहा" सांगणं म्हणजे चेष्टाच आहे. ते पाचव्या दिवसापर्यंत येतच नाहीत, कारण रोज बुडतो, आणि आले तरी स्वतःचा फोन नसतो किंवा रिचार्ज संपलेला असतो. अशा वेळी शेडच्या बाहेर, मांडवाखाली उघड्यावर त्याला झोपवायची सोय होते का ते बागायतदाराशी तुम्ही स्वतः बोला, डॉक्टरने सांगितलं की ते ऐकतात, मजुराने सांगितलं की नाही ऐकत. शेडमधल्या बाकीच्यांत कुणी गरोदर आहे का, कुणाचं तान्हं आहे का ते त्याच वेळी विचारून घ्या. आणि वहीत मोबाईलच्या रकान्यात मुकादमाचा नंबर लिहा, तिसऱ्या दिवशी फोन त्यालाच लावायचाय.